‘रॉमध्ये काढा, घरी सगळं नीट होतं’: खरंच होतं का?

फोटोग्राफीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला सारखा फिरतो: ‘रॉमध्ये काढा, बाकी घरी संगणकावर नीट होतं. कार्ड मोठं आहे, धडाधड काढत राहा, एखादा तरी चांगला येतोच. शिस्तबिस्त फिल्मच्या काळातली.’ (रॉ म्हणजे सेन्सरने टिपलेली माहिती जवळपास जशीच्या तशी ठेवणारी कच्ची फाइल.)

रॉमध्ये व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा थंड-उबदारपणा, नंतर बदलता येतो, कबूल. काळवंडलेल्या सावल्याही बऱ्यापैकी उघडतात. पण भिगवणला उजनीच्या गडद पाण्यावर बसलेला बगळा घ्या. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर चौकटीची सरासरी काढतो, काळं पाणी बघून एक्सपोजर (सेन्सरवर पडणारा प्रकाश) वाढवतो आणि बगळ्याची पिसं जळून पांढरीफटक होतात. सेन्सरचा पिक्सेल एकदा पूर्ण भरला की पुढच्या प्रकाशाची नोंदच होत नाही. जे टिपलंच नाही ते संगणकावरचा स्लायडर कुठून आणणार? उपाय जागेवरच करावा लागतो: एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेलं एक्सपोजर कमी-जास्त करायची सोय) उणे १ करून हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, बघायचा. जेजुरीच्या भंडाऱ्यात तर आणखी गंमत. कडक उन्हात हळदीच्या पिवळ्यातला लाल चॅनल आधी क्लिप होतो, म्हणजे काठोकाठ भरून तपशील गमावतो, एकत्रित आलेख मात्र शहाण्यासारखा दिसतो. म्हणून तिन्ही रंगांचे आलेख वेगळे दाखवणारा पर्याय चालू ठेवावा. (मागच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम रॉचा नसतोच, कॅमेऱ्याने बनवलेल्या जेपेगचा असतो, त्यामुळे प्रकाश जास्त झाला म्हणून तो सहसा जरा लवकरच घाबरतो.)

हललेल्या फोटोचं काय? कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, पक्ष्याचे पंख नाही. उडत्या पक्ष्याला १/२००० सेकंदाच्या आसपासचा शटर स्पीड लागतो आणि तो पक्षी उडण्याआधी लावलेला असावा लागतो. एआय धूसर पिसं धारदार करून देईल, पण ती त्या पक्ष्याची असतीलच असं नाही. वर्ल्ड प्रेस फोटोसारख्या वृत्तछायाचित्रांच्या स्पर्धेत अंतिम टप्प्यावर मूळ फाइली मागवतात, त्या उगीच नाही.

‘धडाधड काढा’ हे मात्र अर्धं बरोबर आहे. छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँक यांनी १९५५-५६मध्ये अमेरिका पालथी घालून फिल्मवर सुमारे २८,००० फोटो काढले. ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात घेतले ८३. म्हणजे फिल्मवाले सगळे हात आखडूनच काढत, ही दंतकथाच. त्यांची शिस्त निवडीत होती: कॉन्टॅक्ट शीट (रोलवरचे सगळे फोटो छोट्या आकारात छापलेला कागद), भिंग, लाल पेन्सिल. सेकंदाला २० फ्रेम काढणारे आपण मात्र एकाच बगळ्याचे दोनशे फोटो हार्डडिस्कवर ओततो आणि विसरतो. त्याच संध्याकाळी बसून बाद फोटोंपुढे कारण लिहावं: फोकस डोळ्याऐवजी पंखावर, शटर कमी पडला, मागची काडी डोक्यातून उगवली. दोन-चार वेळा एकच कारण आलं, की पुढच्या खेपेला सराव कशाचा करायचा ते ठरलं.