फ्लोराइटच्या खड्याचे पाणी

चार वर्षांच्या भाचीची टूथपेस्ट बंद करून बहिणीने पाण्याच्या भांड्यात फ्लोराइटचा हिरवट खडा टाकला, तेव्हा कुठे तो फिरता संदेश मी शेवटपर्यंत वाचला. त्याचे म्हणणे असे, की टूथपेस्टमधले सोडियम फ्लोराइड हे कारखान्यातले उंदराचे विष आहे, कॅल्शियम फ्लोराइड मात्र नैसर्गिक असल्यामुळे निर्धोक आहे, म्हणून फ्लोराइटचा खडा रात्रभर पाण्यात ठेवावा आणि ते पाणी उकळून प्यावे.

शेवटचा सल्ला सर्वांत घातक, म्हणून आधी तोच घेतो. फ्लोराइट म्हणजे खनिजरूपातले कॅल्शियम फ्लोराइड. ते पाण्यात फारसे विरघळत नाही हे खरे, पण अजिबात विरघळत नाही असे नव्हे. एका लिटर पाण्यात ते सुमारे १६ मिलिग्रॅम विरघळते, आणि वजनाने त्याचा जवळजवळ निम्मा भाग फ्लोराइडच असल्यामुळे संपृक्त पाण्यात, म्हणजे ज्यात ते आणखी विरघळू शकत नाही अशा पाण्यात, लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम फ्लोराइड उतरते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सुचवलेली मर्यादा १.५ मिलिग्रॅम आहे. एका रात्रीत एक खडा पाणी संपृक्त करणार नाही, हे मान्य. पण किती विरघळले हे स्वयंपाकघरात मोजणार कोण? त्यातच हे खनिज पुष्कळदा शिशाच्या गॅलेना या धातुकासोबत सापडते. उकळण्याने फ्लोराइड उडून जात नाही. पाणी आटते आणि उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण उलट वाढते. हाडे वाकवणारा फ्लोरोसिस बहुतांशी फ्लोराइडयुक्त खडकांतून झिरपलेल्या भूजलानेच होतो, आणि त्या पाण्याइतके ‘नैसर्गिक’ दुसरे काय असणार?

उंदराच्या विषाचा मुद्दा निव्वळ नामसाधर्म्याचा आहे. त्या कामासाठी कुप्रसिद्ध असलेले सोडियम फ्लोरोअ‍ॅसिटेट हे वेगळे, सेंद्रिय संयुग आहे. सोडियम फ्लोराइड झुरळे मारायला वापरत, एवढे मात्र कबूल करावेच लागेल. १९४२ मध्ये अमेरिकेतील ओरेगन राज्याच्या एका रुग्णालयात ते दुधाची भुकटी समजून अंड्यांत मिसळले गेले आणि ४७ रुग्ण दगावले. मात्र तो प्रश्न मात्रेचा होता. वाटाण्याएवढ्या पेस्टमध्ये साधारण पाव मिलिग्रॅम फ्लोराइड असते, आणि तीही थुंकायची असते. मुलाने अख्खी ट्यूब खाल्ली तर मात्र तातडीने डॉक्टरांना गाठावे.

राहिला ‘कारखान्यातले’ हा आक्षेप. फ्लोराइटची भुकटी संहत सल्फ्यूरिक आम्लाबरोबर तापवली की हायड्रोजन फ्लोराइड वायू निघतो आणि मागे कॅल्शियम सल्फेट उरते. त्या वायूपासून बनलेले आम्ल कॉस्टिक सोड्याने उदासीन केले की सोडियम फ्लोराइड तयार होते. म्हणजे संदेशातील ‘विष’ त्याच पवित्र खड्यापासून बनते. उलटा प्रवासही सोपा आहे : सोडियम फ्लोराइडच्या नितळ द्रावणात कॅल्शियम क्लोराइडचे नितळ द्रावण ओतले, की लगेच दुधट गढूळपणा येतो, आणि तो साका कॅल्शियम फ्लोराइडचा असतो. याच कारणाने खडूयुक्त, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट असलेल्या, टूथपेस्टमध्ये सोडियम फ्लोराइडऐवजी बहुधा सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट घालतात. संदेश लिहिणाऱ्याने वेष्टनावरची घटकांची यादीसुद्धा वाचलेली दिसत नाही.

कॅल्शियम फ्लोराइडला खरी कामे पुष्कळ आहेत. पोलादाच्या भट्टीत ते धातुमळी, म्हणजे वितळलेल्या धातूवरचा टाकाऊ थर, पातळ करते, आणि अतिनीलपासून अवरक्तापर्यंतचा प्रकाश आरपार जाऊ देत असल्यामुळे उत्तम भिंगांतही वापरले जाते. भाचीला तो खडा दाखवायचाच असेल तर अंधारात अतिनील दिव्याखाली दाखवावा. बरेच नमुने निळसर उजळतात, आणि अशा उजळण्यासाठीचा ‘फ्लुओरेसन्स’ हा शब्द १८५२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ स्टोक्स यांनी या खनिजाच्या नावावरूनच घडवला.