टपटप

परवा संध्याकाळी दाराची घंटा वाजली, तेव्हा मी कळफलकावर बोटे चालवत होतो. 'काम करत होतो' असे मी मुद्दामच लिहीत नाही, कारण गेले तीन महिने कळफलकावर माझे काम कमी आणि श्रवण जास्त चालले आहे. दारात खालच्या मजल्यावरचे काका उभे होते आणि त्यांच्यामागे हातात पाना घेतलेला एक प्लंबर.

"तुमच्याकडे पाणी गळतंय," काका म्हणाले. "दोन आठवडे झाले. अगदी थेंब थेंब. रात्री मोजत पडलेला असतो मी."

मी त्यांना आत घेतले. आपल्या घरात काहीही गळत नाही, अशी छातीठोक खात्री कोणाला असते?

त्या दोन आठवड्यांचा हिशेब मला तिथल्या तिथे जुळायला हवा होता, पण तो जुळला नाही, कारण त्याच दोन आठवड्यांपूर्वी माझ्या आयुष्यातला एक मोठा प्रश्न, कळफलकाच्या आवाजाचा, सुटला होता आणि मी आनंदात होतो. यांत्रिक कळफलकात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असतो आणि त्याचा रंग त्याची जात सांगतो. माझा पहिला यांत्रिक कळफलक निळ्या स्विचचा होता. निळ्या स्विचच्या पोटातली दांडी दोन तुकड्यांची असते. कळ अर्ध्यावर गेली की त्यातला पांढरा तुकडा झटक्याने खाली आपटतो आणि 'टिक्' असे वाजते. हा आवाज चुकून होत नाही, तो व्हावा म्हणूनच ती रचना केलेली असते. एका ऑनलाइन बैठकीत कोणीतरी "कोणाकडे गारा पडतायत का?" असे विचारले, सगळे हसले आणि मला माइक बंद करायला सांगण्यात आले. मग मी लाल स्विचकडे वळलो. त्यात ना टिक् असते ना अडथळा. ४ मिलिमीटरच्या प्रवासात २ मिलिमीटरवर अक्षर उमटते आणि उरलेले २ मिलिमीटर बोट नुसतेच घसरत जाते. तपकिरी स्विचमध्ये मध्येच एक उंचवटा लागतो असे म्हणतात. मला तो उंचवटा कमी आणि स्विचमध्ये अडकलेला वाळूचा कण जास्त वाटला.

इथे शहाणा माणूस थांबला असता. मी मात्र रात्री हेडफोन लावून अनोळखी लोकांच्या टंकलेखनाचे आवाज ऐकू लागलो. या आवाजांच्या दुनियेत 'थॉक' नावाचे एक परब्रह्म आहे. थॉक म्हणजे खोल, गोल, लाकडी आवाज. त्याच्या उलट 'क्लॅक', म्हणजे चढा आणि कोरडा. नायलॉनच्या कवचाचा स्विच खालच्या पट्टीत बोलतो, पॉलिकार्बोनेटचा वरच्या. कीकॅप, म्हणजे कळींवरच्या टोप्या, जाड असतील तर आवाज भरीव होतो. सर्किट बोर्डाच्या पाठीला कागदी चिकटपट्टी लावली की तो आणखी बदलतो. हे सगळे मी केले. एवढे झाल्यावर मी ८७ स्विच एकेक करून उघडले, प्रत्येकाचे वरचे कवच, दांडी, स्प्रिंग आणि खालचे कवच वेगळे केले, बारीक ब्रशने त्यांना ग्रीस लावले आणि ते पुन्हा मिटवले. एका स्विचला तीन मिनिटे धरली तरी हे चार तासांच्या वर जाते, आणि सत्तरीच्या पुढचे स्विच मी रागाने मिटवले आहेत हे त्यांच्या आवाजात अजूनही कळते. ज्या चित्रफिती पाहून मी ते स्विच निवडले, त्यांतला आवाज माझ्या टेबलावर आला नाही तो नाहीच. तो आवाज एकट्या स्विचचा नव्हता. त्या माणसाची खोली, त्याचा माइक, त्याच्या कळफलकातली स्विच धरून ठेवणारी प्लेट, त्याच्या टेबलावरची जाड चटई या सगळ्यांचा मिळून तो होता. 'स्विचची ध्वनिचाचणी' या नावाखाली लोक आपापल्या खोल्यांची ध्वनिचाचणी दाखवत असतात आणि आपण स्विच मागवतो. याचा मला खरोखर राग आहे. असो.

तर प्लंबर न्हाणीघरात शिरला. त्याने नळ पाहिले, वॉशबेसिनच्या खालची जोडणी चाचपली, फ्लशच्या टाकीचे झाकण उघडले आणि भिंतीला कान लावून तो स्तब्ध उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरची ती एकाग्रता माझ्या ओळखीची होती. "इथे तर सगळं कोरडं आहे, साहेब," तो म्हणाला.

"मी खाली जाऊन ऐकतो," काका म्हणाले. "आवाज आला की फोन करतो. तुम्ही इथेच थांबा."

काका गेले. प्लंबर न्हाणीघरात थांबला. नुसते उभे राहण्यापेक्षा अर्धवट राहिलेले पत्र पुरे करावे म्हणून मी टेबलाशी बसलो. दुसऱ्या ओळीला फोन वाजला.

"आलं! आलं! आत्ता पडतंय!"

मी धावत न्हाणीघरात गेलो. सगळे कोरडे. "थांबलं," फोनवर काका म्हणाले. प्लंबरने मान हलवली. मी परत जाऊन बसलो. "पुन्हा सुरू झालं! जोरात!" मी पुन्हा धावलो. "थांबलं." हे चार वेळा झाले. चौथ्या वेळी प्लंबर न्हाणीघरात न थांबता माझ्यामागे खोलीच्या दारात येऊन उभा राहिला आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, जरा बसा आणि जे करत होता ते करा."

मी एक वाक्य टंकले.

"काका, थेंब मोजा," प्लंबर माझ्या फोनमध्ये म्हणाला.

"सहा," काका म्हणाले.

मी वाक्य पाहिले. त्यात सात शब्द होते, म्हणजे सहा मोकळ्या जागा.

काका मोजत होते ती माझी स्पेसबार. बाकीची अक्षरे टेबलावरच विरून जात होती. ही एकटी अंगठ्याच्या दणक्यासरशी टेबलाच्या पायांतून काकांच्या छतापर्यंत पोहोचत होती. साध्या कळीच्या सव्वासहा पट लांब, आतून पोकळ आणि दोन्ही टोकांना तारेच्या स्टॅबिलायझरवर, म्हणजे लांब कळ तिरकी होऊ न देणाऱ्या आधारावर, तोललेली ही कळ प्रत्येक कळफलकाचे दुखणे असते. माझ्या थॉकचा तो मुकुटमणी होता. त्या खोल नादाला मी मनातल्या मनात मृदंगाची उपमा देऊन चुकलो होतो.

काका वर आले आणि टेबलासमोर उभे राहून त्यांनी कळफलकाकडे असे पाहिले, जणू मी तिथे बेकायदा बोअर मारला होता. "हे मुद्दाम असं वाजवता?" त्यांनी विचारले. मी सांगायला सुरुवात केली की पूर्वीचा आवाज फार चढा होता, लोकांना त्रास होऊ नये म्हणूनच मी... "पूर्वीचा बरा होता," काका म्हणाले. "टकटक ऐकू आली की कळायचं, वर कोणीतरी लिहितंय. आता छत कोसळेल म्हणून झोप लागत नाही." ज्या घरात रोज रात्री अकराला खुर्च्या ओढल्या जातात आणि सुटीच्या दिवशी सकाळी सातला ड्रिल चालते, त्या घराचे कर्ते पुरुष हे बोलत होते. मी मात्र सगळे मुकाट्याने ऐकून घेतले, कारण खुर्चीसाठी कोणी प्लंबर आणत नाही.

प्लंबरने तोवर स्पेसबारच्या एका टोकावर बोट ठेवून ते दोनदा दाबले होते, मग दुसऱ्या टोकावर. "डावीकडे ढिली आहे," तो म्हणाला. "तार खेळते आत."

ही गोष्ट मला दोन आठवड्यांपासून ठाऊक होती आणि मी ती स्वतःपासूनही लपवली होती. "त्याला ग्रीस लावलंय," मी म्हणालो. त्याने कोणते म्हणून विचारले, तेव्हा मी ती इवलीशी बाटली त्याला दाखवली. "यात काय असतं?" "टेफ्लॉनची भुकटी असते, तेलात घोटलेली," मी जरा ताठ्यातच सांगितले. त्याने खिशातून नळाच्या आट्यांना गुंडाळायची पांढरी टेप काढली. "ही पण टेफ्लॉनच."

मग त्याने माझ्याकडून स्पेसबार काढून घेतली, तारेच्या डाव्या टोकाला टेपचे दीड वेढे दिले, उरलेली टेप नखाने तोडली आणि कळ परत बसवली. यात दोन मिनिटेही गेली नाहीत. त्याने अंगठ्याने ती दाबली. खडखड गेली होती आणि नुसता एक मऊ, बुटका 'धप्' उरला होता, जो मी तीन महिने हेडफोनमध्ये शोधत होतो. काका खाली जाऊन आले आणि गळती थांबल्याचे त्यांनी जाहीर केले.

प्लंबरने टेबलाच्या कोपऱ्यावर वही ठेवून पावती फाडली. 'वरच्या मजल्यावरील गळती, टेप लावून बंद' असे त्यावर लिहिले आहे आणि नाव माझे आहे. काकांनी ती जिन्यात भेटलेल्या दोघांना दाखवली. आता येता-जाता लोक मला भिंतीला ओल आली का म्हणून विचारतात आणि मी नाही म्हणतो. जाताना त्याने उरलेल्या टेपचे रीळ टेबलावरच ठेवले. शिफ्टच्या आणि एंटरच्या कळींनाही स्टॅबिलायझर असतात, आणि त्यांतला उजवा शिफ्ट काल रात्रीपासून मला थोडा ढिला वाटतो आहे.