तळातल्या संघाचं काय करायचं?

"लिलावाच्या चार कोटींतले पाऊण कोटी एकट्या ड्रॅगफ्लिकरवर लाव, संघ उभा राहतो की नाही बघ," मिलिंद म्हणाला, आणि आप्पांनी बेडईचा द्रोण खाली ठेवला.

रविवारची सकाळ, दौलतगंजातला आमचा ओटा. ड्रॅगफ्लिकर म्हणजे पेनल्टी कॉर्नरवर चेंडू काठीनं ओढून गोलात भिरकावणारा. हॉकी इंडिया लीगमधला तळाला गेलेला संघ हाती आला, तर सुरुवात कुठून करायची? ग्वाल्हेरात हा प्रश्न कुणी वाऱ्यावर सोडत नाही. १९३२ आणि १९३६ च्या ऑलिंपिकचं सोनं मिळवलेले रूपसिंग इथलेच.

मिलिंदची बाजू कच्ची नव्हती. २०२४-२५ च्या अंतिम सामन्यात बंगाल टायगर्सनं हैदराबादला ४-३ असं हरवलं, त्यातले तीन गोल जुगराजचे. "ड्रॅगफ्लिकरच ना तो?"

"असेल. पण कॉर्नर मिळवून कोण देतं?" आप्पा पेटले. "चेंडू गोलासमोरच्या डीमध्ये घुसवून बचावपटूच्या पायावर मारणारा कुणीतरी लागतो. मग रेषेवरून ढकलणारा, मग थांबवणारा. थांबवताना चेंडू जरा उसळला की तुझ्या फ्लिकरचा वार गेला. त्याच हंगामाच्या लिलावात हरमनप्रीतसारख्या ड्रॅगफ्लिकरला ७८ लाख मिळाले, आणि तो त्या लायकीचा आहेच. पण करंडक त्याच्या सूरमा संघाकडे गेला का?"

मी आप्पांच्या बाजूचा, पण मला त्याहून पुढचं म्हणायचं होतं. दुबळा संघ आधी गोल खायचा थांबला पाहिजे. पॅरिस ऑलिंपिकला ब्रिटनविरुद्ध आपल्या बचावपटू रोहिदासला लाल कार्ड मिळालं. दहा जणांनी किल्ला लढवला, १-१ अशी बरोबरी राखली, शूटआउटमध्ये गोलरक्षक श्रीजेशनं तारलं. पण उपांत्य फेरीत रोहिदास बंदीमुळे बाहेर, आणि कॉर्नरवर पहिला धावून जाणारा आपला माणूस तोच. जर्मनीचा पहिला गोल कॉर्नरवरच आला, पेइयाटचा. सामना ३-२ असा गेला. त्याच्या जागी धावायला तितका तयार दुसरा कुणी असता तर? हा प्रश्न मला अजून छळतो. फ्लिकरचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. मुखवटा चढवून त्या चेंडूच्या अंगावर धावणाऱ्याचं कुणी विचारत नाही.

बंड्या म्हणाला, "मग सगळेच बदला. हरायची सवय लागलेली पोरं काय कामाची?"

हे मात्र मला अजिबात पटलं नाही. २०१२ ला लंडन ऑलिंपिकमध्ये आपण बारावे आलो, म्हणजे शेवटचे. त्या संघात श्रीजेश होता, मनप्रीत होता. तेव्हा 'सगळे बदला' म्हणून दोघांना घरी बसवलं असतं तर? दोघांना ठेवलं, आणि त्यांच्या भोवती २०१६ ला लखनौत ज्युनिअर विश्वचषक जिंकलेली पोरं आली: हरमनप्रीत, सिमरनजीत, गुरजंत. टोकियोत जर्मनीविरुद्ध १-३ वरून ५-४ करणारा संघ तो. सिमरनजीतचे दोन गोल. नऊ वर्षं लागली त्याला.

"नऊ वर्षं कुठला मालक थांबेल?" मिलिंद म्हणाला. इथं आम्ही सगळेच गप्प झालो. २०१७ नंतर लीगच थेट २०२४ च्या डिसेंबरपर्यंत बंद होती. ज्यांची ऐन उमेदीची वर्षं त्यात गेली, त्यांना कोण परत देणार? तरी मी म्हणालो, २०२४-२५ ला चोवीस जणांत किमान चार ज्युनिअर घ्यावेच लागत होते, अशा पोरांना नुसतं बाकावर बसवू नका. पहिल्या हंगामात सामने हरा, पण त्यांना प्रत्येक क्वार्टरमध्ये उतरवा.

"आणि प्रेक्षक?"

"येतील," आप्पा म्हणाले. "संध्याकाळी कंपूच्या हॉकी मैदानावर चल."

गेलो. टर्फवर अकादमीच्या मुली कॉर्नरचा बचाव घोटत होत्या. एक मुलगी मुखवटा लावून गोलरेषेवरून सुटायची, चेंडू तिच्या काठीला किंवा नडगीला लागायचा, ती परत रेषेवर. मिलिंदनं पंधरा-वीस वेळा तरी मोजलं असेल. मग तो फ्लिकरकडे बघायचं सोडून तिच्याकडेच बघत उभा राहिला.