विद्यार्थ्यांवरचा आरोप आणि त्याचा खरा धनी

विद्यापीठाशेजारच्या मध्यवस्तीविषयी एक तक्रार सर्वत्र फिरते आहे : विद्यार्थी हे चार वर्षांचे पाहुणे, ते कर भरत नाहीत, भाडी वाढवतात, रात्री धिंगाणा घालतात, पूर्वी असे नव्हते, म्हणून शहराच्या कारभारात त्यांना मत नसावे.

‘पूर्वी असे नव्हते’ हे तर साफ चूक आहे. ऑक्सफर्डमध्ये १० फेब्रुवारी १३५५ रोजी मद्यालयातील दारूच्या प्रतीवरून विद्यार्थी आणि शहरवासी यांच्यात सुरू झालेला तंटा तीन दिवस चालला आणि परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या संख्येनुसार त्यात ६३ विद्यार्थी मारले गेले. राजाने मात्र विद्यापीठाचे अधिकार आणखी वाढवले, आणि त्या दंगलीबद्दल नगराध्यक्षाला दरवर्षी करावे लागणारे प्रायश्चित्त १८२५ पर्यंत चालू राहिले. रहिवाशांचा राग तेव्हाही अनाठायी नव्हता. तो संस्थेच्या विशेषाधिकारांवर होता, मार खाल्ला विद्यार्थ्यांनी.

कराचेही तसेच आहे. केवळ पूर्णवेळ विद्यार्थी राहत असलेल्या घराला इंग्लंडमध्ये स्थानिक कर माफ असतो, हे मान्य. पण अमेरिकेत भाडेकरू विद्यार्थ्याचा घरमालक मालमत्ता कर भरतो आणि तो सहसा भाड्यातूनच वसूल करतो. शैक्षणिक वापराच्या इमारतींवर करमाफी मिळते ती विद्यापीठाला. येल विद्यापीठाच्या न्यू हेवन शहराने करमाफीमुळे पडणारी ही तूट योग्य दारात मांडली, आणि २०२१ मध्ये येलने सहा वर्षांत ५.२ कोटी डॉलर जादा देण्याचे मान्य केले.

भाड्याचा मुद्दा सर्वांत खरा आहे, म्हणूनच त्याचा दोष नेमक्या ठिकाणी ठेवला पाहिजे. वसतिगृहे न बांधता प्रवेश वाढवणारी संस्था आणि कुटुंबाऐवजी खोलीगणिक भाडे घेणारा घरमालक, या दोघांच्या निर्णयांतून ही वाढ होते. विद्यार्थी ती स्वतः सोसतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या बर्कलीच्या रहिवाशांनी प्रवेशसंख्येविरुद्ध दावा लावला तो विद्यापीठावर. मार्च २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयाने प्रवेशांवर घातलेली मर्यादा उठवण्यास नकार दिला आणि त्याच महिन्यात विधिमंडळाने कायदा बदलून ती निष्प्रभ केली. गंमत अशी की, त्याच शहरातील संघटनांनी नव्या वसतिगृहालाही विरोध केला, आणि कारणांत विद्यार्थ्यांचा गोंगाट होता. वसतिगृह नको आणि गल्लीतही नको, तर विद्यार्थ्याने राहावे कुठे, याचे उत्तर त्या तक्रारीत नाही.

गोंगाट खरा आहे आणि तो करणाऱ्याला दंड व्हावा. ज्याने केला त्याला, त्याच्या सबंध वर्गाला नव्हे.

उरला मताधिकार. विद्यार्थी बदलत राहतात, पण विद्यार्थी भाडेकरू शहरात दरवर्षी असतातच, आणि नोकरीनिमित्त तीन वर्षे राहणाऱ्याला असा प्रश्न कोणी विचारत नाही. टेक्सासमधील एका परगण्यात नोंदणी अधिकारी विद्यार्थ्यांना निवासाविषयी वेगळी प्रश्नावली भरायला लावत असे. ती पद्धत घटनाबाह्य ठरवणारा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये कायम केला.