थंडीत आधी हात झाका

साताऱ्यात गारठा वाढला की कानटोपी, मफलर आणि स्वेटर असा सगळा जामानिमा करून मोटारसायकलवर निघालेली माणसे पहाटेपासून दिसू लागतात, पण त्यांतल्या अनेकांचे हात उघडेच असतात. माझ्या मते थंडीतल्या दुचाकीस्वाराने पहिला खर्च हातमोज्यांवर करावा, जॅकेटचे नंतर पाहावे.

बाहेर १० अंश तापमान असले, तरी ताशी ६० किलोमीटर वेगात उघड्या त्वचेला ते सुमारे ५ अंशांइतके बोचते. छाती-पोटाची ऊब राखण्यासाठी शरीर हातापायांचा रक्तपुरवठा कमी करते आणि बोटे बधिर होतात. पुढचा ब्रेक, क्लच आणि इंडिकेटर मात्र याच बोटांच्या हवाली असतात. त्या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर अंतर कापते, म्हणजे ब्रेक अर्धा सेकंद उशिरा दाबला गेला तरी आठ मीटर गेले. त्यात गार टायरची पकडही कमी असते. लोकरीच्या विणीतून वारा आत शिरतो, म्हणून मोजे वारा अडवणारे हवेत. मात्र ते इतके जाडही नसावेत की लिव्हर नीट जाणवू नये.

आपल्याकडे हेच महिने उसाच्या गळीत हंगामाचे असतात. कृष्णाकाठी धुके दाटलेले असताना रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही आणि दिसल्यावर सारा भरवसा त्या बोटांवरच असतो. अशा वेळी अप्पर दिवा लावला, तर धुक्यावरून उजेड उलटा डोळ्यांवर येतो, डिपरच बरा. हेल्मेटची काच श्वासाने धुरकटली, तर ती किंचित उघडी ठेवावी. कानटोपी घातली म्हणून हेल्मेट घरी ठेवणाऱ्यांविषयी काय बोलावे!

पाचगणीहून पसरणी घाट उतरताना ब्रेकवरचा हात फारसा सुटत नाही, म्हणून उतरण्याआधी थांबून बोटे मोकळी करावीत. अनेक जण त्यासाठी इंजिनाजवळ हात धरतात, पण बधिर बोटांना चटका उशिरा कळतो. त्यापेक्षा हात थोडा वेळ काखेत धरावेत आणि लिव्हर दोनदा पूर्ण दाबून पाहून मगच गाडी हलवावी.