चिखलातल्या गाडीला प्लॅस्टिकचं पांघरूण

आज सकाळी एका लिलावाची जाहिरात समोर आली आणि चहा गार होईपर्यंत मी नुसती चडफडत बसले. लान्चा या इटालियन कंपनीची डेल्टा इंटेग्राले, रॅलीच्या शर्यती गाजवलेली गाडी, तीही शेवटच्या इव्होल्युत्सिओने मालिकेतली. मीटरवर तीन आकडी किलोमीटर, सीटवरचं कंपनीचं प्लॅस्टिकसुद्धा तसंच. वर मिरवून लिहिलंय, 'उत्तम गुंतवणूक'. अहो, गुंतवणूकच करायची तर सोनं घ्या, तळेगावात प्लॉट घ्या! तालमीतल्या पैलवानाला काचेच्या कपाटात काय बसवताय?

मी इटलीत ट्युरिनला प्रोजेक्टवर होते तेव्हा घरमालकिणीच्या थोरल्या भावाकडे इंटेग्राले होती. पहिली, आठ व्हॉल्व्हवाली, लाल. म्हणजे चिखलाखाली लाल. मागची सीट पाडून त्यात भाजीचे क्रेट. मी त्यांना मनातल्या मनात काकाच म्हणायचे. एकदा पाऊस पडून गेल्यावर काकांनी मला सुपेर्गाच्या टेकडीवर नेलं. टर्बो जागा होईपर्यंत गाडी कुरकुरत होती. मग मागून कोणीतरी ढकलावं तशी सुटली! ओल्या वळणावर चारही चाकं रस्ता धरून, आणि मागे क्रेटमधले टोमॅटो गडगडतायत.

ही गाडी मुळात शेठलोकांची नव्हेच. १९७९ची डेल्टा म्हणजे जुजारो या डिझायनरने रेखाटलेली पाच दारांची साधी, चौकोनी कुटुंबगाडी. १९८०ची 'युरोपियन कार ऑफ द इयर', पण घाटात छाती दडपावी असं तिच्यात काही नव्हतं. रॅलीत तेव्हा ग्रुप बीचा, म्हणजे फारशी बंधनं नसलेल्या अचाट ताकदीच्या गाड्यांच्या वर्गाचा, धुमाकूळ होता. लान्चाची डेल्टा एस४ नावाने डेल्टा, आतून नळ्यांच्या सांगाड्यावर मधोमध इंजिन ठेवलेला राक्षस. मे १९८६मध्ये कोर्सिकाच्या रॅलीत तीच गाडी दरीत कोसळून पेटली. चालक हेन्री तोइवोनेन आणि सहचालक सेर्जिओ क्रेस्तो गेले. त्या वर्षाअखेर ग्रुप बी बंद.

नवा कायदा ग्रुप एचा. रॅलीत जी पळवाल ती वर्षाला किमान ५,००० बनवा. म्हणजे तुमच्याआमच्यासारख्यांना विका! लान्चाने त्याच चौकोनी डेल्टात दोन लिटरचं टर्बो इंजिन बसवलं, चारही चाकांना ताकद दिली आणि रस्त्यावर आणली १६५ अश्वशक्तीची डेल्टा एचएफ फोरडब्ल्यूडी (एचएफ म्हणजे लान्चाच्या वेगवान गाड्यांचं चिन्ह). १९८७च्या पहिल्याच मॉन्टे कार्लो रॅलीत पहिले दोन्ही क्रमांक तिचे, चालक बियासिओन आणि कांकुनेन. पुढे फुगीर मडगार्डांची इंटेग्राले आली. १९८७ ते १९९२, कंपन्यांची जागतिक विजेतेपदं सलग सहा. सहा! बियासिओनने आफ्रिकेतली सफारी रॅलीसुद्धा मारली, तीही लागोपाठ दोन वर्षं, १९८८ आणि १९८९. त्या धुळीत आणि खड्ड्यांत गाडी शाबूत राहणं हीच मोठी गोष्ट.

आणि तिच्या अंगावरची प्रत्येक सूज कामाची आहे, हे त्या जाहिरातवाल्याला कोण सांगणार? मडगार्ड फुगले, कारण खाली रुंद चाकं हवी होती. बॉनेटला भोकं, कारण इंजिन तापत होतं. पुढे आठाच्या जागी सोळा व्हॉल्व्ह आले, इंजिन उंच झालं म्हणून बॉनेटला टेंगूळ आलं. त्या वेळी ताकदही मागच्या चाकांकडे जास्त वळवली, पुढे ४७ टक्के, मागे ५३. नटवण्यासाठी काही केलेलंच नाही.

काकांच्या वायपरखाली एकदा कोणीतरी चिठ्ठी खोचून गेलं होतं, गाडी विकता का, म्हणून. काकांनी त्याच चिठ्ठीच्या पाठीवर बाजाराची यादी लिहिली. मी पाहिलंय.

हो, मान्य आहे. गंजते. पार्ट मिळता मिळत नाहीत आणि मिळाले तर खिसा फाडतात. दोनचार गाड्या जपून ठेवायलाच हव्यात, नाहीतर पुढच्या पिढीला काय दाखवणार? पण मग संग्रहालयात ठेवा ना, लोक येऊन बघतील. कुलपात कशाला?

खरं तर लिहिता लिहिता ती गाडी कुलपात ठेवणाऱ्या शेठवरचा राग ओसरला. त्याने निदान ती भंगारात तरी घातली नाही. खरा राग लान्चाची तेव्हाची मालक कंपनी फियाटवर आहे. आपल्यातले निम्मे लोक पद्मिनीच्या, म्हणजे आपल्याकडच्या फियाटच्या, मागच्या सीटवर वाढलेत, म्हणून हे हक्काने बोलते. १९९१अखेर लान्चाची स्वतःची टीम रॅलीतून अधिकृतपणे बाहेर पडली. १९९२ला जॉली क्लब या खाजगी टीमने गाड्या पळवल्या तरी त्यांच्या ओरिओल या चालकाने एका मोसमात सहा रॅल्या जिंकल्या! एवढं असून इंटेग्राले १९९४ला बंद, आणि वारसदार? कोणीच नाही. पुढची डेल्टा पुढच्या दोन चाकांवर चालणारी, सभ्य, विसरण्याजोगी. त्यानंतरची तर ब्रिटनमध्ये क्रायस्लर या अमेरिकन कंपनीच्या नावाने विकली. क्रायस्लर! लान्चाचं नाव लावायलाही जड झालं?

काका हे ऐकून फक्त खांदे उडवायचे आणि गिअर टाकायचे.

आता लान्चाच्या नव्या विजेवरच्या छोट्या गाडीला, इप्सिलॉनला, एचएफचं चिन्ह परत लावलंय. २८० अश्वशक्ती, आणि ओढणार पुन्हा पुढचीच दोन चाकं. पण इप्सिलॉनची एक पेट्रोलवरची रॅलीगाडीही काढली आहे त्यांनी. तेवढ्यासाठी आज उरलेल्या शिव्या राखून ठेवते.