शांत शनिवार

सकाळचे साडेआठ. न्यू जर्सीतला एप्रिल म्हणजे कॅलेंडरापुरता वसंत. अंगात दोन जॅकेटं, मांडीवर चहाचा थर्मास आणि तोंडात लॉलीपॉप. वय वर्षं सत्तेचाळीस. डाव्या हाताला एक हृदयरोगतज्ज्ञ घडीच्या खुर्चीत बसलेत, त्यांच्या गालातही लॉलीपॉप. उजवीकडे आमचा शेजारी, त्याचा लाल. चाळीसेक कर्तेसवरते लोक मैदानाच्या कडेला ओळीनं बसून गोळ्या चोखतायत आणि कुणी चकार शब्द काढत नाही.

प्रकार असा, की आमच्या नऊ वर्षांच्या कन्येच्या सॉकर क्लबानं 'सायलेंट सॅटर्डे' जाहीर केलाय. पालकांनी ओरडायचं नाही, मुलांना सूचना द्यायच्या नाहीत, रेफरीशी हुज्जत घालायची नाही. फार तर टाळ्या. आणि तोंड आवरतच नसेल तर त्यात घालायला ही गोळी. ही खोडी आमच्याच क्लबाची असेल असं वाटलं होतं, पण अमेरिकेत ठिकठिकाणी असे शनिवार पाळतात. इथे मुलांच्या सामन्यांना रेफरी म्हणून बऱ्याचदा पंधरा-सोळा वर्षांची पोरंच असतात. पालकांची बोलणी खाऊन ती हे काम सोडून देतात. म्हणजे क्लबाचं चुकत नाही, हे मला कळतं. कळतं, पण मी पडलो कोल्हापूरचा.

उरलेला महाराष्ट्र बॅट घेऊन हिंडत होता तेव्हा आमच्या पेठांत फुटबॉल चालायचा, तोही तालमींच्या नावानं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ अशी लढत जुंपली असताना कुणी तोंडात गोळी धरून गप्प बसला असता, तर आजूबाजूच्यांनी त्याला पाणी पाजून रिक्षात घातला असता. त्या पायऱ्यांवर बसून, शेंगांची टरफलं पायाशी टाकत, मी माझा निम्मा शब्दसंग्रह कमावला. तो निम्मा इथे छापता येत नाही.

असा मी २००३ साली अमेरिकेत आलो आणि आल्या आल्या तोंड बंद झालं. फुटबॉल म्हणावं तर लोक हेल्मेटवाल्यांच्या गोष्टी काढायचे. 'सॉकर' म्हणायची जिभेला सवय लावली. शब्द मूळचा इंग्रजांचाच, 'असोसिएशन'मधून काढलेला, पण कोल्हापूरला फोनवर सांगितलं तर दादा म्हणाला, "सॉकर? म्हंजे सॉक्सचा काय प्रकार हाय का मर्दा?" ऑफिसात विषय काढला की एकच प्रश्न यायचा : "शून्य-शून्य? मग नव्वद मिनिटं केलं काय त्यांनी?" मी एकटाच स्पॅनिश वाहिनी लावून मेक्सिकोचे सामने बघायचो. भाषा कळत नव्हती. 'गोऽऽऽल' कळायचं. तेवढ्यावर भागायचं.

आमचा शेजारी तेव्हा या मंडळींचा म्होरक्या होता. बरोबरीत सुटणारा खेळ हा खेळच नव्हे, हे त्याचं ठाम मत, आणि त्यात तो एकटा नव्हता. इथली मोठी लीग, एमएलएस, १९९६ साली सुरू झाली तेव्हा त्यांनी बरोबरी चक्क बंद केली होती. सामना बरोबरीत आला की खेळाडूनं पस्तीस यार्डांवरून चेंडू घेऊन गोलकीपरवर धावून जायचं आणि पाच सेकंदांत काय तो निकाल लावायचा. घड्याळही उलटं चालायचं, प्रत्येक अर्ध्यात पंचेचाळीसवरून शून्याकडे. चार हंगाम ही गंमत चालली, मग बंद झाली. शेजाऱ्याला ती बंद झाल्याचं दुःख होतं. सामना त्यानं एकही पाहिला नव्हता. शिवाय त्याचा एक खरा, जिव्हाळ्याचा प्रश्न होता : पंचेचाळीस मिनिटं जाहिरातच नाही, तर माणसानं बिअर आणायला उठायचं कधी?

मग काय झालं कुणास ठाऊक. म्हणजे ठाऊक आहे, पण एका दिवसात झालं नाही. २०१३पासून इंग्लंडची प्रीमियर लीग एनबीसीवर दिसायला लागली. तिकडचा दुपारचा सामना म्हणजे इकडचे सकाळचे साडेसात, त्यामुळे शनिवारी पहाटेच शेजाऱ्याच्या घरात दिवे दिसू लागले. मला वाटलं, कुणी आजारी आहे. मग जुलै २०२३मध्ये मेस्सी मायामीत आला आणि पहिल्याच सामन्यात, भरपाईच्या वेळेत, फ्री किकवर गोल मारून मोकळा झाला. तिसऱ्या दिवशी शेजारी गुलाबी जर्सी घालून गवत कापत होता. पाठीवर १०.

मला आनंद व्हायला हवा होता. वीस वर्षांनी बोलायला माणूस मिळाला होता. पण त्याला ऐकणारा हवा होता.

"मित्रा, सॉकर नाही म्हणायचं," त्यानं कुंपणावरून मला सांगितलं, "फुटबॉल." वीस वर्षं घासून गुळगुळीत केलेला माझा 'सॉकर' मी मुकाट्यानं गिळला. मैदानाला तो आता 'पिच' म्हणतो, शून्याला 'निल'. इंग्लंडातल्या ज्या गावाचा क्लब त्यानं धरलाय ते गाव त्यानं नकाशावरही पाहिलेलं नाही, पण सोमवारी सकाळी चेहरा पाडून म्हणतो, "आम्ही हरलो." (हे 'आम्ही' मात्र मला मान्य आहे. आम्हीही पेठेतून तेच म्हणायचो, आणि आम्हीही कधी खेळलो नव्हतो.) एकदा मीठदाणी, मिरीदाणी आणि केचपची बाटली मांडून त्यानं मला ऑफसाइड समजावलं. मी मान डोलावत राहिलो. केचप ऑफसाइडला नव्हतं, पण बोललो नाही.

यंदा तर विचारूच नका. वर्ल्ड कपचा अंतिम सामना १९ जुलैला ईस्ट रदरफोर्डला, म्हणजे आमच्या घरापासून तासाच्या आत. अठ्ठेचाळीस संघ, एकशे चार सामने. त्यातून प्रत्येक अर्ध्यात तीन मिनिटांची पाणी प्यायची सुट्टी जाहीर झाली, तेव्हा शेजाऱ्यानं मला भर रस्त्यात मिठी मारली. बिअरचा प्रश्न सुटला होता.

त्याच जागेला लागून पूर्वी जायंट्स स्टेडियम होतं. तिथे १९७७ साली पेलेच्या कॉसमॉस क्लबाचा सामना बघायला ७७,६९१ लोक आले होते, हे मी त्याला एकदा सांगितलं. तेव्हाही सगळ्यांना वाटलं होतं, आता अमेरिकेला सॉकरचं वेड लागलं. सात वर्षांत कॉसमॉसची ती लीग बुडाली. आणि त्याच १९७७मध्ये पेले कलकत्त्यात ईडन गार्डन्सवर मोहन बागानविरुद्ध खेळून गेला, दोन-दोन बरोबरी. शेजारी म्हणाला, "इंडियात फुटबॉल खेळतात?"

तर तो शांत शनिवार. दुसरा अर्धा चालू होता, आमची टीम 'निल'. उजवीकडून कॉर्नर आला, सुरेख, थेट गोलच्या तोंडाशी, आणि कन्या एकटी उभी, बरोब्बर चेंडूखाली. पुढचं मी ठरवून केलं नाही. लॉलीपॉप हिरवळीवर पडला आणि माझ्या तोंडून सबंध मंगळवार पेठ बाहेर पडली.

"हेड मार पोरीऽऽऽ!"

त्या मैदानावर मराठी समजणारी ती एकटीच. घरी तीन-तीनदा सांगून खोलीतले मोजे न उचलणारी ही मुलगी, पण इथे तिनं आज्ञा पाळली. उडी मारली, कपाळ लावलं, चेंडू गोलात.

शिट्टी वाजली, ती गोलाची नव्हती. अमेरिकेत दहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांनी डोक्यानं चेंडू मारायचा नाही. मेंदूला इजा नको म्हणून नियम आहे, आणि चांगला आहे. गोल रद्द. समोरच्या संघाला फ्री किक. चाळीस लॉलीपॉप माझ्याकडे वळले. दातांवर ब्रेसेस असलेला तो रेफरी माझ्याकडे शांतपणे चालत आला आणि म्हणाला, "सर, प्लीज."

घरी येताना शेजाऱ्यानं मला तो नियम सविस्तर समजावून सांगितला. या खेपेला मिंटच्या गोळ्या वापरून.

रात्री दादाला फोन केला.

"पोरीनं हेड मारला?"

"हो."

"गोल?"

"गोल. पण दिला नाही. फ्री किक दिली."

"कुणाला?"

"त्यांना."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो रेफरीबद्दल जे बोलला, ते ऐकून माझे डोळे भरून आले. किती वर्षांनी ऐकत होतो ते शब्द.

पुढच्या शनिवारी टीमच्या मॅनेजर बाई डबा घेऊन ओळीनं आल्या. सगळ्यांना एकेक दिला. माझ्यापाशी थांबल्या, क्षणभर विचार केला आणि दोन दिले.